नाकाची पाकळी

साल दोन हजार तेवीस, मी तवा एकाहत्तर वर्षांचा. सेनगावकडच्या आमच्या गावात अंगणवाडीच्या बाई कोणाशीच भांडत नव्हत्या. काहीबी बोला, मान डोलवून "बराबर हाय, बाबा" म्हणायच्या अन् आपल्याच मनाचं करायच्या. मला त्याची भारी चीड यायची.

खिचडी रांधणाऱ्या मावशी काम सोडून चालल्या होत्या. त्यांना द्यायच्या कार्डावर लेकरं अंगठ्याच्या ठशांनी फूल काढून राहिली होती. रंग मीच दिला होता, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट. शेवटची एक पाकळी राहिली.

"बाबा, ही तुमची," बाई म्हणाल्या.

"अंगठा अडाणी लावतात. मी चाळिशीत सही शिकलो, तवापासून कुठंच अंगठा दिला न्हाई. आताबी देणार न्हाई."

"बराबर हाय, बाबा. अंगठा नकाच लावू."

एवढं बोलून त्यांनी स्वतःचं नाक रंगात बुडवलं अन् कार्डाच्या कोपऱ्यात टेकवलं. लेकरं लोळून हसली.

"आता तुमी. का नाकबी सही शिकलंय?"

नाकाचं मी कधी काहीच ठरवलं नव्हतं. वाकलो, नाक रंगात बुडवलं अन् पाकळीच्या जागी टेकवलं. कार्ड हातात पडल्यावर मावशींनी ती पाकळी बराबर ओळखली, म्हणाल्या, "ही जाडी बाबांचीच."

शिंगांचा रंग सहजी निघत न्हाई, हे मात्र मी विसरलो होतो. गोडंतेल लावून घासलं, नाक आणखीच लाल झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच नाकानं हॉटेलात गेलो.

"काहून नाक लाल, बाबा?" सारे हसले.

"अंगठा न्हाई लावला," मी म्हणालो अन् ताठ बसून चहा पिलो.