टीनाचं वजन

खोडाळ्याच्या पलीकडच्या कातकरी पाड्यावर गोदीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. कागद घेऊन कुणी विचारायला आलं की तिची मान आधीच डोलायला लागायची. दोन वेळा जेवतो, पोरं खुशाल, आजारबिजार काही नाही. विचारणाराही खूश होऊन निघून जायचा, त्यालाही हेच ऐकायचं असायचं.

खोटं बोलताना तिला तिळमात्र लाज वाटत नसे, आणि का वाटावी? थोरला नातू अशक्त आहे असं तिनं एकदा खरं सांगितलं होतं. गाडी आली, पोराला शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेली, पोर परत आलंच नाही. न्यायलाच उशीर झाला होता, हे तिला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

आता टीना होती, दीड वर्षाची. आईबाप वीटभट्टीवर, नात आजीपाशी. ही तरी गाडीत जायला नको, एवढंच गोदीच्या डोक्यात. म्हणून अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ती टीनाला जाड झबलं घालून न्यायची, आणि त्याच्या शिवणीत मासे धरायच्या जाळ्याचे शिशाचे मणी शिवलेले असायचे. कपडे काढा म्हटलं की अंगावर धावून जायची, "गारठवून मारतीस काय पोरीला?" वजन चांगलं भरायचं.

नवी सेविका उज्ज्वला मात्र चिवट निघाली. वजन चांगलं आणि पोरगी पायावर उभी राहीना, हे तिला खटकलं. तिनं विचारलं, "आजी, टीना काय खाते?"

"नागलीची भाकर, भात, मासळी."

आठवड्यानं पुन्हा विचारलं. तेच उत्तर, त्याच क्रमानं. तेव्हा उज्ज्वलानं विचारणंच सोडलं आणि जेवायच्या वेळी गोदीच्या दारात येऊन बसायला लागली. गोदी धास्तावली. ही चुलीकडे का बघते? कुणी पाठवलंय हिला? तिनं मुद्दाम जास्तीचा भात शिजवून टीनापुढे ठेवला. पोरीनं दोन शितं तोंडात घेतली आणि मान फिरवली. उज्ज्वला बघत होती. गोदीला तिचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलानं पिशवीतून एक पट्टी काढली, हिरवी, पिवळी आणि लाल. "दंडाला गुंडाळायची. हिरवं आलं तर पोर बरं, लाल आलं तर धोका."

"तू आवळशील. लाल आणायचं तुझ्या हातात."

"मग तुम्हीच लावा."

गोदीनं पट्टी उलटसुलट करून पाहिली. आधी शेजारच्या लक्ष्याला पकडून त्याच्या दंडाला लावली. तो टीनाच्याच वयाचा. हिरवं आलं. मग टीनाला. लाल. तिनं पट्टी सैल केली, तरी लाल. दुसरा दंड धरला, तिथंही लाल. दंड तिच्या दोन बोटांत मावत होता, आणि हे तिला रोज न्हाऊ घालताना दिसत होतं.

"तुझी पट्टी खोटी हाय," ती म्हणाली. पण पट्टी तिच्याच हातात होती, आवळणारं दुसरं कुणी नव्हतं.

टीना धापा टाकत होती. मग गोदी उठली, लुगडं सावरलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

"बोलाव गाडी. मीच जाणार हिच्यासंगं, मी तिथनं हलनार नाय. आनि त्या डाक्टरला सांग बाय, पोर कसं हाय ते मला विचारू नको. मी बरंच हाय म्हणून सांगंन. त्यानं हिलाच बघावं."