अंगठा

रांजणगावच्या कंपनी-बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मोबाईलवर त्या फक्त बाली बेट बघायच्या. देवळं, पानांत मांडलेली फुलं, भाताची खाचरं. "एकदा तिथल्या सणाला त्यांच्या पंगतीत बसून जेवायचंय," म्हणायच्या.

आज मात्र मोबाईल पर्समध्येच होता. अंगठा सारखा केसांत घासत होत्या. तेल लागलं की हजेरीचं मशीन ठसा पटकन घेतं म्हणून. उद्या पासपोर्टसाठी ठसे द्यायचे होते.

"पत्रा घासून घासून रेषाच गेल्यात बघा. तिथंबी न्हाई उमटला तर?"

बस कंपनीपाशी थांबली. गेटवर त्यांनी पाचदा अंगठा टेकवला. पाचही वेळा लाल दिवा.

त्यांच्यामागं मी. माझा ठसा पहिल्याच दमात घेतला मशीननं. आणि मला तर कुठंच जायचं नव्हतं.