पाठीवरचा हात

माझ्या दम्याच्या तपासणीसाठी बीडच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. शेजारी नेकनूरचं एक जोडपं होतं. बाईचा तळहात नवऱ्याच्या पाठीवर सपाट टेकलेला. चहा आला तेव्हा तिने हात बदलला, पण पाठ सोडली नाही. मला राहवेना.

"पाठ दुखते का त्यांची?"

"न्हाई ओ ताई. झोपंत दम अडकतो यांचा. हाताला कळलं की हालवून उठवते. आता हाताला सवयच लागली."

"मग तुम्ही झोपता कधी?"

तिने हसून जांभई दाबली.

नर्सने नवऱ्याला आत बोलावलं. जागेपणीच मशीनच्या नळीत फुंकायला लावून, झोपेत घसा किती आवळत असेल याचा अंदाज घेणार, असं सांगितलं.

"जागंपणी तर चांगला दम घेतेत की! मशीनला कसं कळंल?" तिने मलाच विचारलं.

दार लोटलं गेलं. आतून "फुंका, अजून फुंका" ऐकू येत राहिलं. ते ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. झोपेतच तिचा हात चाचपडत माझ्या पाठीवर येऊन टेकला.

मी हलले नाही. तिच्या हाताला कळावेत असे मोठमोठे श्वास घेत बसून राहिले.