गीत : पारंपरिक

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नाही. लिहिणाऱ्यांसारखं मराठी मला येत नाही. चुकलं तर माफ करा. संकोचाचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

कॉलेजचं गॅदरिंग होतं. माझ्याच वर्गातला शिरीष स्टेजवर आला. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर टोपली, ओठ रंगवलेले. टेपवर गाणं लागलं. गाण्यात मासळी विकणारी बाई आहे. पहिल्या कडव्यात तिच्या टोपलीतल्या मासळीचा भाव विचारतात. दुसऱ्यात तिचा. ती हसून सांगते. पुढचं मी इथे उतरवणार नाही.

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. पहिल्या रांगेत सर, मॅडम. शिरीष कंबर हलवत खाली उतरला, माझ्यासमोर थांबला आणि टोपली माझ्या मांडीवर ठेवली.

"काय रे करावेकर, आईला नाही आणलंस? तिला मेकअप पण लागला नसता."

हॉल हसला. मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण मी हसलो.

त्या बाईचं नाव गाण्यात पुन्हा पुन्हा येतं. द्वारका. द्वारका माझी बहीण आहे. नववीत होती.

आणि चाल माझ्या आईची आहे.

माझी आई सकाळी मासळी विकते आणि लग्नसराईत धवलारीण असते. आमच्याकडे धवलारणीशिवाय लग्न लागत नाही. ती धवला गाऊन देवांना आणि पितरांना मांडवात बोलावते, मग नवरीला हळद लागते. धवला मांडवाबाहेर गायचा नसतो. आणि नवरीचं नाव घेतल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

आदल्या वर्षी एका कॅसेट कंपनीचा माणूस गावात आला होता. जुनी गाणी जपायची आहेत म्हणाला. मी कॉलेजात आहे कळल्यावर मला 'तुम्ही' म्हणाला. इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होता. तेवढं पुरलं. मी त्याला घरी आणलं.

आई नुकती टोपली उतरवून बसली होती.

"लगीन कोनाचं हाय?" तिने विचारलं.

"लग्न नाही आये. नुसतं रेकॉर्डिंग."

"मंग नाव कोनाचं घेव?"

"घे कुणाचंही."

"कुनाचं पन कसं घेव रं? लोकाची पोर त्या मशीनमदी घालू?"

ती नको म्हणत होती. मीच मागे लागलो. तुझं नाव होईल, म्हणालो. शेवटी तिने टेपरेकॉर्डरपुढे पाट मांडला. तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली. मशीनला हळद लावली. आणि द्वारकेचं नाव घेतलं. दुसऱ्याची पोर नको, आपली चालेल, म्हणून.

मी शेजारी बसून शब्द न् शब्द वहीत लिहिला. मग चांगल्या अक्षरात कागदावर उतरवून त्याला दिला. मराठीच्या पेपरातसुद्धा इतकं सुंदर अक्षर मी काढलं नव्हतं.

कॅसेट आली. त्यांनी चाल ठेवली होती. नाव ठेवलं होतं. देव काढले, पितर काढले, हळद काढली. त्या जागी गिऱ्हाईक आणलं.

टपरीवर तेच. रिक्षात तेच. द्वारका शाळेच्या बससाठी उभी राहिली की पोरं तेच गायची. आधी चारच होती, मग सगळा स्टॉप. एक दिवस ती अर्ध्या रस्त्यातून परत आली. दप्तर कोपऱ्यात ठेवलं.

"दादा, शालंत माजं नाव बदलून देशील?"

"त्याला कागद लागतात गं."

"मंग लिव ना कागद. तुला येतं ना लिवाला."

ती मला टोचून बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की लिहिता येणारा भाऊ आहे, तर होईल काहीतरी. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही.

तरी मी गप्प होतो. टोपली मांडीवर आली तेव्हा जागा झालो. हेही खरंच सांगितलं पाहिजे. बहिणीचं रडणं मला पुरलं नव्हतं.

मी आमच्या सरांकडे गेलो. सर पुरोगामी आहेत, भाषणं करतात. म्हणाले, "गाण्यावर बंदी मागणं बरोबर नाही. कलेचं स्वातंत्र्य असतं. आणि तुम्ही लोक फार मनाला लावून घेता."

पंचवीस मिनिटं ते स्वातंत्र्यावर बोलले. माझ्या बहिणीला बसस्टॉपवर उभं राहता येत नव्हतं.

कंपनीत गेलो. तोच माणूस. आता 'तुम्ही' नव्हतं.

"लोकांना आवडतं, आम्ही काय करणार?"

"हे शब्द लिहिले कुणी?"

"कव्हर वाच की. कॉलेजात आहेस ना?"

कव्हरवर छापलं होतं. गीत : पारंपरिक.

पोलीस चौकीत हवालदारांनी कव्हर उलटसुलट केलं. "पिक्चर असता तर सेन्सॉरला लिही म्हटलं असतं. कॅसेटला कोण विचारतो? आणि तक्रार घेऊ कुणावर? परंपरेवर?"

पारंपरिक म्हणजे कोण? माझी आई. तिची आत्या, जिने तिला धवला शिकवला. मिठागरात पाय कुजवून संध्याकाळी दुसऱ्याच्या मांडवात गाणाऱ्या बाया. घाण यांनी लिहायची आणि सही आमच्या आज्यांची.

त्यानंतर मी घरी गेलो नाही. मित्राच्या खोलीवर राहिलो. आईला काय सांगणार होतो?

काल माझा चुलतभाऊ गणू कॉलेजच्या गेटवर आला.

"तुला ठाव हाय काय? काकीनं जासईला हलद अडवली."

आई तिथे धवला गायला गेली होती. द्वारकेला सोबत नेलं होतं. नवरी पाटावर बसली आणि कुणीतरी लाऊडस्पीकरवर ती कॅसेट लावली. आई उठून उभी राहिली.

"जे मांडवात माजे पोरीला इकतात, ते मांडवात मी देव बोलवनार नाय."

लोकांनी कॅसेट बंद केली. तरी आई बसली नाही. शेजारच्या गावातून दुसरी धवलारीण आणली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली. दुपार गेली. वाटलेली हळद वाटीत सुकली. शेवटी नवरीच्या बापाने सगळ्यांसमोर कॅसेट फोडली आणि हात जोडले, तेव्हा आई पाटावर बसली.

"आणि द्वारका? शाळेत जाते का?"

"नाय," गणू म्हणाला. "स्टॉपवर गानं चालूच हाय." मग म्हणाला, "काकीनं निरोप दिलाय. रविवारी गावकी बसनार हाय. सगल्यांसमोर सांग, घरात मशीन कोनी आनली, कागद कोनी लिवून दिला. मंग उंबऱ्यात पाय ठेव."

मी जाणार आहे. उभा राहून सांगणार आहे, मशीन मी आणली, कागद माझ्या हातचा.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. आई काय गायली होती, ते तिच्यात शब्द न् शब्द आहे. गावकीतून निघालो की वही घेऊन कंपनीत जाणार. वही टेबलावर उघडून कव्हर शेजारी ठेवणार आणि म्हणणार, "माझा गुन्हा मी नावासकट सांगितला. आता 'पारंपरिक' खोडा आणि ज्याने लिहिलं त्याचं नाव तिथे छापा." ते नाव छापून येईपर्यंत मी त्या दारातून हलणार नाही.