रीमाचं माप

द्रौपदीमावशींनी तीस वर्षं भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात आयाचं काम केलं. तिथे जन्मलेल्या कितीतरी पोरांच्या डोक्यावर पहिलं लोकरीचं टोपडं त्यांच्या हातचं चढलं. भिवंडीत लोकरीला तेवढंच काम. थंडी पडते ती डिसेंबर-जानेवारीत पंधरा दिवस, तीही सकाळपुरती. त्यामुळे मावशी विणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या उत्तम विणतात असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. टोपड्याला कोण उत्तम म्हणणार?

म्हणून वस्तीतल्या महिला मंडळानं सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी हातानं विणलेल्या स्वेटरची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मावशींनी पहिलं नाव दिलं. मंडळाच्या अध्यक्ष कमळताईंनी प्रत्येकीला लोकरीचे चार मोठे गुंडे दिले आणि एक चिठ्ठी. अकलोलीच्या पुढे एक आश्रमशाळा होती, तिथल्या मुलींची मापं चिठ्ठ्यांवर होती. स्पर्धा झाली की स्वेटर त्या मुलींना जाणार होते. मावशींच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : रीमा, सातवी, छाती अठ्ठावीस, बाही सतरा.

लोकर मोरपंखी रंगाची होती, आणि इतकी मऊ की पाच वर्षांची नात रिया एक गुंडा गालाला लावून बसली, तो देईना. मावशींनी टाके घालायला घेतले आणि मनात मोजणी केली. अठ्ठावीसच्या मापाला चारही गुंडे संपतील. चोवीसला केलं तर दीड गुंडा सहज उरेल. शिवाय लहान कपड्यावर वीण उठून दिसते, हे विणणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. आश्रमशाळेत पोरी काय एकच असतात? जी बारकी असेल तिला होईल. चिठ्ठी त्यांनी सुयांच्या डब्यात तळाशी घातली आणि चोवीसचे टाके घातले.

स्वेटर झाल्यावर त्यांनी रियासाठी टोपी आणि बिनबाह्यांची बंडी विणली. सून सोनलनं विचारलं, तर म्हणाल्या, उरली लोकर. सोनलला खरंच वाटलं. सासू काटकसरीची होतीच.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गारठा होता, म्हणून सोनलनं रियाला कौतुकानं टोपी-बंडी घातली. मावशी आधीच हॉलवर गेल्या होत्या, नाहीतर त्यांनी घालू दिली नसती. रिया पुढच्या रांगेत येऊन बसली तेव्हा त्यांनी तिला मागे जाऊन बसायची खूण केली. पण तेवढ्यात निकाल वाचायला सुरुवात झाली. परीक्षक म्हणून एक निवृत्त शिवणशिक्षिका होत्या. इतका सारखा हात आपण कित्येक वर्षांत पाहिला नाही, असं त्या माइकवर म्हणाल्या आणि पहिला नंबर द्रौपदीमावशींचा आला. टाळ्या खूप वाजल्या. प्रसूतिगृहातल्या दोन नर्सही आल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

मग कमळताईंनी सांगितलं की मुली इथेच आल्यात, आणि ज्या बाईनं विणलं तिनंच आपल्या हातानं स्वेटर घालायचा. हे कुणालाच आधी माहीत नव्हतं.

रीमा उंच होती, काटकुळी, खांदे मात्र रुंद. मावशींनी स्वेटर तिच्या डोक्यातून घातला. तो छातीवर ताणून बसला. वीण फाकली आणि आतला शाळेचा निळा फ्रॉक तिच्यातून दिसायला लागला. बाह्या कोपराच्या जरा खाली थांबल्या. मावशी बाही खाली ओढत राहिल्या, जणू ओढून ती वाढणार होती.

"होतंय," रीमा म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

फोटो काढणारा थांबला. परीक्षकबाई पुढे आल्या, म्हणाल्या की मापं नीट घ्यायला नकोत का, एवढी सुंदर वस्तू वाया गेली. आश्रमशाळेच्या मॅडम खुर्चीवरून उठल्या. तरुण होत्या, लाल झाल्या. मापं आपणच घेतली होती, आपलंच काहीतरी चुकलं असेल, पोरीही भराभर वाढतात, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग मावशींकडे वळून हात जोडले. "तुमची मेहनत वाया गेली, माफी मागते, मावशी."

"असू द्या," मावशी म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून किती सहज गेला. पुढे पुलाव वाढला गेला. समोरच्या पंगतीत रीमा रियाच्या शेजारी बसली होती. रियाच्या टोपीला बोट लावून ती म्हणाली, तुझी पण हीच लोकर हाय. रियानं ऐटीत सांगितलं की आजीनं उरलेल्यातून केली, बंडी पण. रीमानं मावशींकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि हाताची घडी घातली, म्हणजे उघडी मनगटं दिसू नयेत.

मुलींची गाडी निघायच्या आधी मावशी फाटकाशी गेल्या. स्वेटर दे, म्हणाल्या, उसवून तुझ्या मापाचा करते, पंधरा दिवसांत स्वतः शाळेत आणून देते.

"नको, आजी. ऱ्हाऊ द्या."

"अगं, चुकलंय ते. नीट करते ना."

"गेल्या साली बूट नेलं हुतं, बदलून देतो म्हणून. नेलेलं परत येत न्हाय." तिनं स्वेटरची खालची कड दोन्ही मुठींत धरली होती. "मला होतंय."

गाडी गेली. मावशी हॉलमध्ये परत आल्या. कमळताई सतरंज्या गुंडाळत होत्या. मावशींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं : चिठ्ठी बरोबर होती, लोकर पुरत होती, ती मी ठेवून घेतली. आवाज खाली जात होता, तरी शेवटपर्यंत सांगितलं. कमळताई हसल्या.

"अहो मावशी, शिंपीसुद्धा कापड ठेवतो. एवढं काय मनाला लावून घेता? नंबर तर तुमचाच आलाय."

आपण चोरी सांगायला आलो आणि बाईनं ती आपल्याच खिशात परत घातली, असं मावशींना वाटलं. कोपऱ्यात सोनल रियाच्या चपला शोधत होती. तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"त्या मॅडमचा नंबर द्या," मावशी म्हणाल्या.

"आता कशाला? जाऊ द्या की."

"सगळ्यांसमोर माफी मागितली तिनं. द्या नंबर."

कमळताईंनी फोन लावून दिला. पलीकडे गाडीतल्या पोरींचा गलका होता. कुणीतरी गाणं म्हणत होतं. मॅडमनी दोनदा हॅलो म्हटलं.

"मी द्रौपदी बोलते, प्रसूतिगृहातली," मावशी म्हणाल्या. "मॅडम, तुमचं माप बरोबर होतं."

पलीकडून काय म्हटलं ते गलक्यात ऐकू आलं नाही. मावशींना वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं, सोनलसमोर.