विमलताईंनी पाहिलेले कुलूप

विमलताई सरकारी गाडी कधीच कुणाच्या दारापर्यंत नेत नसत. दोन गल्ल्या अलीकडे, एखाद्या पिठाच्या गिरणीपाशी नाहीतर मेडिकलपाशी त्या गाडी थांबवायला लावत आणि उतरून चालू लागत. चालक रफिकभाई दर वेळी कुरकुरायचे, "ताई, इत्ती धूप में कायकू पैदल जाते? गाडी दरवाजे तक जाती ना!"

"जाती, मालूम है," ताई मागे न बघताच म्हणायच्या. "पण गाडी दारात उभी राहिली ना रफिकभाई, की गल्लीभर व्हतं, ह्यांच्याकडं पोलीस आले. आपण निघून जातो. पोरगं तिथंच ऱ्हातं."

मुलांच्या संरक्षणाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात मी समुपदेशक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्यामागून अशी गारखेड्यातल्या एका गल्लीत चालत गेले होते. माझे शिक्षण सगळे इंग्रजी शाळेत झालेले, आणि बोलायची सवय मुळातच कमी. ताईंनी वाटेत वळून पाहिले. "काय गं कॉन्व्हेंट, बोलत काहून नाय? मराठी येती ना?" मी मान हलवली. "मग बरंय. गप्प मानूस ह्या कामात टिकतं. बोलके लोक भाषणं द्यायला जातात."

त्यांचे वय पन्नाशीच्या पुढचे होते. सुती साडी, पायात पुरुषी वळणाच्या चपला, आणि गुडघ्यांमुळे जरा डावीकडे झुकलेली चाल. नोकरी इतक्या वर्षांनंतरही कंत्राटीच होती. दरवर्षी मार्च आला की कंत्राट वाढेल की नाही याची चर्चा कार्यालयात सुरू व्हायची. ताई त्या चर्चेत नसायच्या, कारण त्या बहुधा कुठल्या तरी पायरीवर बसून एखाद्या बापाशी भांडत असायच्या. कायद्याबद्दल त्यांचे मत असे : "चांगलाय गं कायदा. फक्त त्याला चालता येत नाय. कडेवर घेऊन न्यावा लागतो."

चिकलठाण्याला एका माणसाने थोरल्या मुलीला शाळेतून काढून घरी बसवले होते. "ताई, धाकटं लेकरू बघायला कोण?" त्याने विचारले. ताई म्हणाल्या, "तू बघ की. मोबाईल बघतो त्याच्या निम्मा येळ बघ, पोरगं पैलवान व्हईल." तो हसला. त्याची बायको जास्त हसली. सोमवारी मुलगी शाळेत गेली. दीड महिन्याने पुन्हा घरी बसली. ताई पुन्हा गेल्या. मला वाटायचे, या बाईला कंटाळा येत नाही का? येत असे. चेहऱ्यावर दिसत असे. पण कंटाळा आला म्हणून गृहभेट टळते, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

कोमल आणि गणू यांची गोष्ट सांगितल्याशिवाय ताई समजणार नाहीत. दोघांची नावे मी बदलली आहेत. कोमल अकरा वर्षांची, गणू सहाचा. वडील चिकलठाण्याला एका गोदामावर पहारेकरी होते. रस्त्यावरच्या अपघातात आई-वडील दोघेही गेले. जवळचे नातेवाईक म्हणजे एकच आत्या. पैठणच्या पुढे एका खेड्यात तिचे घर. मुलांना तिच्याकडे देता येईल का, हे पाहायला ताई तिथे गेल्या होत्या. दाराला कुलूप होते. शेजारी म्हणाले, मेंढ्या घेऊन गेलेत, पावसाळ्यात येतील. ताईंनी अहवालात लिहिले : घर बंद, नातेवाईक सांभाळासाठी उपलब्ध नाहीत. त्या ओळीवर बालकल्याण समितीने मुलांना बालगृहात ठेवण्याचा आदेश दिला. मुलींचे बालगृह वेगळे, मुलांचे वेगळे. कोमल शहराच्या एका टोकाला गेली आणि गणू दुसऱ्या.

कोमल माझ्यासमोर आठवड्यातून एकदा बसायची आणि काहीच बोलायची नाही. मीही फारशी बोलत नसल्याने आमच्या बैठका फार शांत होत. शेवटी मी ताईंना बोलावले. ताई खाली सतरंजीवर बसल्या, आईवडिलांचे नावही काढले नाही. एवढेच विचारले, "रातच्याला तहान लागली तर कुणाला उठवती गं तू?"

"मला नाय लागत," कोमल म्हणाली. "गणूला लागती. तो मला उठवतो." मग बराच वेळ तिने सतरंजीचा दोरा ओढला आणि मान वर करून ताईंनाच विचारले, "आता तो कुणाला उठवत आसंल?"

त्याच दुपारी आम्ही मुलांच्या बालगृहात गेलो. तिथल्या काळजीवाहू बाई कौतुकाने म्हणाल्या, "लई शहाणं पोरगं. रात्री उठत नाय, पाणी मागत नाय, कुणाला तरास नाय." ताईंनी गणूच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हललासुद्धा नाही.

परतताना गाडीत ताई एकदम मला म्हणाल्या, "माझ्या बापाच्या वावरात दरसाल मेंढ्या बसायच्या. लेंडीखतासाठी बाप त्या लोकांना बोलवून घ्यायचा. मी लहानपणी त्यांच्या पालावर जेवलेली बाई. दिवाळी झाली की ते लोक घराला कुलूप लावतात, हे मला कुणी सांगायला पाहिजे व्हय? आन मीच लिहिलं, उपलब्ध नाय. घर बघायला गेले आन कुलूप बघून माघारी आले."

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याला शोधायला निघालो. पैठणच्या एसटी स्टँडवरचा चहावाला, मग एक खतविक्रेता, मग मोटारसायकलवरचा एक शेतकरी, असे विचारत विचारत गोदावरी ओलांडून दुपारी एका कापणी झालेल्या रानात पोचलो. बांधावर एक घोडे बांधलेले, डालग्याखाली कोंबड्या, मेंढ्यांसाठी लावलेली जाळी, आणि तीन दगडांच्या चुलीपाशी आत्या भाकरी थापत बसलेली. कुत्र्याने आम्हाला बांधावरच रोखले.

"कोन हाये?" ती ओरडली. ताईंनी कोमल-गणूचे नाव घेतले. आत्याच्या हातातली भाकरी परातीत पडली. ती उठलीच नाही. तिथेच बसून म्हणाली, "कुठं हायेत? आगं बाई, मपल्या भावाची लेकरं हायेत कुठं? चिकलठान्याच्या खोलीवर दोनदा जाऊन आले. तिथं दुसरेच ऱ्हातेत. कोनी म्हनलं सरकारनी नेली. सरकारचं घर कुठं असतं, म्या कुनाला इचारू?"

"मी आले होते तुमच्या घरी," ताई म्हणाल्या. "कुलूप होतं."

"कुलूप घराला व्हतं बाई. आमाला नव्हतं."

ताई खाली मातीत बसल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. कार्यालयात हे शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. आत्याने त्यांच्याकडे पाहिले, मग परातीतली भाकरी उचलून पुन्हा थापायला घेतली. "चुकलं तर चुकलं. आता जेवा. आन ही मुकी पोरगी कोन? हिलाबी वाढते."

त्या बांधावर बसून ताईंनी गृहभेट केली. समितीला ती पटणे सोपे नव्हते. "राहतात कुठे? रानात? मुलांची शाळा?" असे प्रश्न आले आणि ते चूकही नव्हते. आत्याने समितीपुढे उभे राहून सांगितले, "मालक आन दीर जातेन मेंढरांमागं. म्या मागं ऱ्हाते. घर उघडं ऱ्हाईल." लग्न झाल्यापासून ती एकही वर्ष मागे राहिलेली नव्हती, हे तिने तिथे सांगितले नाही. तिच्या नवऱ्याने बाहेर बाकावर बसून आम्हाला सांगितले. मग हसून म्हणाला, "आता भाकरी मलाच थापावी लागनार. कुत्रंबी खानार नाय."

पण मुले दोन बालगृहांत, म्हणून प्रकरणे दोन, तारखाही दोन. पुन्हा चौकशी, पुन्हा अहवाल. एकदा सदस्यच पुरेसे आले नाहीत. मार्च संपला आणि त्या वर्षी ताईंचे कंत्राट वाढले नाही. कुणी कारण सांगितले नाही. त्यांनीही विचारले नाही. टेबलाचा खण रिकामा करताना एवढेच म्हणाल्या, "गणूची तारीख विसरू नको."

कोमलचा आदेश आधी झाला. तिने जायला नकार दिला. "गणू आल्यावर," एवढेच ती म्हणे. तिला समजावायला मला पाठवण्यात आले. मी तिच्याशेजारी बसून राहिले. समजावले नाही.

गणूच्या तारखेला मी समितीच्या कार्यालयात गेले, तर बाहेरच्या बाकावर आत्याशेजारी विमलताई बसलेल्या. शिपाई म्हणाला, "ताई, आता तुमचं काय काम इथं?"

"काम नाय. बसायला आलेय. बाकाचं बी कंत्राट संपलं का?"

दुपारनंतर आदेश झाला. संध्याकाळी पैठणच्या गाडीत आत्या आणि दोन्ही मुले बसली. मला वाटले होते, बहीणभाऊ एकमेकांना मिठी मारतील. तसे काही झाले नाही. गणू खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर घट्ट धरून, कोमलकडे न बघता. तिने हात पुढे केला तेव्हा तो आणखी खिडकीकडे सरकला. कोमलने हात मागे घेतला आणि आपल्या मांडीखाली दाबून ठेवला. मी पुढे होणार तेवढ्यात ताईंनी माझा दंड धरला. "ऱ्हाऊ दे. एवढ्यात नको."

गाडी सुटली. ताई खूप दमलेल्या दिसत होत्या, आणि मीही. आपल्या एका ओळीने त्या मुलांचे किती महिने गेले, याचा हिशेब त्यांच्या मनात चालू असावा. त्यांनी तो मला कधी सांगितला नाही. मी स्वतःहून त्यांना फारसे काही विचारत नसे. त्या दिवशी विचारले, "ताई, होतील का हो ती पुन्हा पहिल्यासारखी?"

"मला काय माहीत, पोरी," त्या म्हणाल्या. "पण आता बघायला जाशील तर दोघांसाठी एकाच घरी जाशील."