उपासाची कढई

वॉटर पार्कला जायचं ठरलं की पाण्यात उतरायच्या आधीच मी दमलेली असते. बाकीचे लोक टॉवेल, कपड्यांचा जादा जोड अन् मोबाइलसाठी एखादी प्लास्टिकची पिशवी घेतात आणि निघतात. मी पहाटे उठून स्वयंपाकाला लागते. माझ्या लेकीला शेंगदाणे चालत नाहीत, दूध चालत नाही, अंडं चालत नाही आणि तीळही चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आवडत नाहीत असं नव्हे, हे मला दर वेळी वेगळं सांगावं लागतं. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात आणि घसा आवळत जातो. घशाचं मी लोकांना सहसा सांगत नाही. ते ऐकलं की लोक तिच्याकडं अशा नजरेनं बघतात की पोरगी मान खाली घालते.

परभणीत राहून शेंगदाणे टाळायचे, हे ज्याला करावं लागतं त्यालाच कळतं. आमच्याकडं कूट मिठासारखं पडतं. वांग्यात, दोडक्यात, खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, सगळीकडं कूट. त्यातून जे वाचतं त्याला हॉटेलवाले बटर लावतात, आणि बटरमधून वाचलेल्यावर तीळ भुरभुरतात. लग्नकार्यात आम्ही जेवून जातो आणि पंगतीत बसून नुसतं पाणी पितो. वाढणारे आग्रह करतात, आम्ही हात आडवा धरतो, आणि मग कुणीतरी म्हणतंच, काय वहिनी, आमचं जेवण गोड लागंना का.

नवऱ्याला हॉटेलवाल्यांना काही विचारावंसं वाटत नाही. तो म्हणतो, डबा आहे ना, मग कशाला कुणाच्या तोंडाला लागायचं. बरोबर आहे त्याचं. पण लेकीला डबा नको असतो. तिला आतेभावंडांसारखं खिडकीपाशी जाऊन, हात पुढं करून, गरम काहीतरी घ्यायचं असतं. तिचं एवढंच मागणं होतं आणि ते पुरं करायला मला किती लोकांशी बोलावं लागे ते मलाच माहीत.

बोलायचं म्हणजे आधी माफी मागायची. हे मी कधी शिकले कुणास ठाऊक. ऑफिसात माझ्या आवाजाला शिपायापासून साहेबापर्यंत सगळे वचकून असतात. पण खाण्याच्या काउंटरसमोर उभी राहिले की माझा आवाज बारीक होतो. "माफ करा हं, जरा त्रास देते," असं म्हणून मी सुरू करते. मग मागचा माणूस उसासा टाकतो, आतला माणूस हातातलं काम न थांबवता ऐकतो, आणि मी घाईघाईनं तेल कोणतं, कढई कोणती, पिठात दूध आहे का, असं विचारत जाते. स्वतःचा तो आवाज मला अजिबात आवडत नाही.

मानवतच्या रस्त्याला आडबाजूला हा वॉटर पार्क झाला तेव्हा मानवतच्या माझ्या नणंदेनं पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यांना बोलावलं. गेटवर लिहिलेलं होतं, बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही. गेटवरच्या माणसानं माझी पिशवी उघडली, डबा काढला, हुंगला आणि बाजूला ठेवला. मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. "समदेच दाखवायलेत चिठ्ठ्या," तो म्हणाला. नवरा चिडला, नणंद मधे पडली, पोरं टायर घेऊन उन्हात ताटकळली. शेवटी डबा आत गेला, पण तोवर मला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

आत खाण्याच्या खिडक्या होत्या. त्यातली शेवटची चालवणारे गृहस्थ साठीचे असतील. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढरा स्वच्छ सदरा. लेक हट्टानं तिथंच थांबली, कारण तिथं बटाट्याचे चिप्स तळत होते. मी माझं माफीचं पारायण सुरू केलं. त्यांनी झारा बाजूला ठेवला आणि पूर्ण ऐकून घेतलं. असं कुणी ऐकून घेतलं की मला रडायला येतं, म्हणून मी तेलाच्या डब्याकडं बघत राहिले.

"ताई, बटाटा, तेल अन् मीठ. तिसरं काय न्हाई यात," ते म्हणाले. "तेल सोयाबीनचं हाय, हा बघा डबा. अन् भज्याची कढई ती तिकडली. हिच्यात कांदा न्हाई, बेसन न्हाई, कायच पडत न्हाई. निस्ता बटाटा."

लेकीनं कागदाची ताटली हातात घेतली. बाहेर विकत घेतलेलं गरम खाणं तिनं पहिल्यांदाच खाल्लं. खाल्लं म्हणजे आधी सगळ्यांना वाटलं. आतेभावंडांकडं जाऊन तिनं ताटली पुढं केली, घ्या म्हणाली. आजवर तिला सगळे नको, नको, हे तुझं नाही, असंच म्हणत आलेले, आणि आज ती दुसऱ्यांना देत होती. मला भरून आलं. नणंद म्हणाली, "वहिनी, चिप्स खायलीय पोरगी, बोर्डात न्हाई आली." पण तिचेही डोळे ओले होते.

त्यानंतर आम्ही तिथं बऱ्याचदा गेलो. गेटवरचा माणूस तेवढाच वाकडा राहिला, पण शेवटच्या खिडकीवाले काका आम्हाला ओळखायला लागले. लेक दिसली की विचारायच्या आधीच सांगायचे, कढई तीच हाय, तेल तेच हाय. जिल्ह्यात तरी मला माझा बारीक आवाज काढावा लागत नाही अशी ती एकच जागा होती.

मग पंधरा ऑगस्ट आला. त्या वर्षी तो सोमवारी होता. ऑफिसात झेंडावंदन करून, साडीवरच मी गाडीत बसले. सुट्टीमुळं डोक्यात रविवारच होता. सोमवार असला तर काय, श्रावण असला तर काय, आमच्या घरात त्यानं काही फरक पडत नाही. सासऱ्यांच्या वडलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात कुणी उपास केलेला नाही. सोमवार, एकादशी, चतुर्थी हे आम्हाला ऑफिसातल्या बायकांच्या डब्यावरून कळतं, आणि त्या दिवशी ऑफिसात डबे उघडलेच नव्हते.

पार्कात ही गर्दी. प्रत्येक खिडकीवर माणसं लोंबकळत होती. काकांनी गर्दीतूनही लेकीला पाहिलं आणि हात केला. मी पुढं होऊन विचारलंच, सवयीनं. काका, कढई वेगळीच आहे ना?

"येगळीच हाय, ताई. पहाटं घासून नवं तेल टाकलंय. आज तर लय सोवळ्यात हाय सगळं."

"शेंगदाणे, तीळ काही नाही ना कशात?"

"बटाट्यात कुठून आले, ताई?" ते हसले. मीही हसले.

लेकीनं नेहमीप्रमाणं चिप्स आधी वाटले, मग खाल्ले. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ येऊन बसली आणि घसा खाकरायला लागली. "आई, जिभेला कसंतरी होयलंय," म्हणाली. मी तिचं तोंड माझ्याकडं वळवलं. खालचा ओठ एका बाजूनं फुगत होता. गळ्याशी लाल गांधी दिसत होत्या. अशा वेळेसाठी मी कायम जवळ बाळगते ते इंजेक्शन थर्मासमधून काढलं, उन्हानं खराब होऊ नये म्हणून ते त्यात ठेवते. डॉक्टरांनी मला संत्र्यावर टोचायला शिकवलं होतं. लेकीची मांडी संत्र्यासारखी नसते, ती थरथरते. मी टोचलं. नवऱ्यानं तिला उचललं, नणंदेनं गर्दीतून वाट काढली, आणि परभणी येईपर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. ती श्वास ओढायची तेव्हा शिट्टीसारखा आवाज येत होता, तो मात्र अजून ऐकू येतो.

दवाखान्यात तिचा श्वास हळूहळू मोकळा झाला. ओठ उतरला. डॉक्टर म्हणाले, रात्रभर ठेवू या, पण आता काळजी नाही. मी स्टुलावर बसले आणि मला कळलं की माझ्या खांद्यावर अजून झेंडावंदनाची टाचणी लावलेली तिरंगी फीत आहे.

संध्याकाळी काका आले. नणंदेकडून पत्ता घेतला होता. हातात शहाळं होतं. नवरा उठून उभा राहिला, भांडायच्याच तयारीनं. काका दारातच थांबले.

"ताई, आज श्रावण सोमवार," ते म्हणाले. "उपासाची गिऱ्हाइकं लय असतात. त्यास्नी सोयाबीन चालत न्हाई, म्हणून घाण्यावरून शेंगदाण्याचं तेल आणलं होतं. साबुदाणा वडाबी त्याच कढईत तळला. भज्याच्या कढईत कांदा पडतो, ती उपासाला कशी चालंल? जिच्यात कायच पडत न्हाई अशी तीच एक कढई होती."

त्यांनी शहाळं या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाले, "तुमी इचारलं तवा माझ्या डोक्यात तेल आलंच न्हाई. मला वाटलं, आज तर समद्यात चोख हाय."

मला रागावायचं होतं. दिवसभर राग साठवून ठेवला होता, कुणावर तरी काढायला. पण या माणसाचे ओठ वाळलेले होते. त्यांचाही उपास होता आणि तो सोडायचा सोडून ते मानवतहून इथवर आले होते. ज्या कारणासाठी ती कढई माझ्या लेकीला चालत होती, त्याच कारणासाठी ती उपासाच्या लोकांना चालली. आता यात राग ठेवायचा कुठं? मी त्यांना बसा म्हणाले. ते बसले नाहीत. लेकीच्या पायाशी शहाळं ठेवून निघून गेले. नवरा खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, डबाच बरा.

लेकीनंही तेच ठरवलं. त्यानंतर कित्येक महिने तिनं घराबाहेर पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही. घरातसुद्धा मी ताट वाढलं की विचारायची, आई, हात धुतलेस का? मी धुतलेले असायचे, तरी पुन्हा धुवायची. वाढदिवसांना जायचं तिनं सोडलं. खरं तर डबा नको हा तिचा हट्ट सुटल्याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता. पूर्वी डबा नको म्हणून रडायची ती पोरगी आता स्वतःहून डबा मागत होती, आणि मला त्याचं रडू येत होतं.

मग एक दिवस किराणा दुकानातून तिनं भिंतीवर लावायची दिनदर्शिका आणली आणि स्वयंपाकघरात टांगली. मला विचारायला लागली, प्रदोष म्हणजे काय, संकष्टीला काय खातात, नवरात्रात सगळेच उपास करतात का? मला अर्धं माहीत नव्हतं. ऑफिसातल्या बायकांना विचारून मी तिला सांगत गेले. नणंद आली तेव्हा भिंतीकडं बघून म्हणाली, "काय वहिनी, आपल्या घरात कवापासून चतुर्थ्या पाळायला लागले?" लेक हसली नाही. ती म्हणाली, "पाळत नाही आत्या, लक्ष ठेवायलेय."

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेनं पुन्हा बोलावलं. मला जायचं नव्हतं. खरं सांगते, मला आता कुठंच जायचं नव्हतं. पण लेक म्हणाली, जाऊ. गेटवर डब्यावरून नेहमीचं झालं. आत सगळं तेच होतं, तीच गर्दी, शेवटची खिडकी, तेच काका. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि झारा खाली ठेवला. हात केला नाही.

मी पुढं निघाले तर लेकीनं माझा हात धरून मागं ओढला. "मी विचारते," म्हणाली. तिची हनुवटी जेमतेम खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पोहोचत होती. मागं रांग होती. एका माणसानं उसासा टाकलाही.

"माफ करा हं काका, जरा त्रास देते," माझी लेक म्हणाली. "आज कुणाचा उपास आहे का?"

आवाज बारीक होता. माझाच होता तो, जसाच्या तसा. तो माफीचा सूर मी तिला कधी शिकवला नव्हता. मागं उभी राहून राहून तिनं तो उचलला होता.

"माफी कशाची मागायली, माय," काका म्हणाले. "आज कुणाचाच न्हाई. सोयाबीन हाय. कढईत निस्ता बटाटा पडलाय."

त्यांनी तेलाचा डबा उचलून तिच्यापुढं धरला. तिनं वाकून डब्यावरचं सगळं वाचलं. मग कढईकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. हो म्हटलं की नाही, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

तिनं ताटली घेतली. या वेळी आधी वाटले नाहीत. एक चिप उचलून तिनं ओठाला लावला आणि तशीच थांबली, जिभेला काही होतंय का ते बघत. आतेभावंडं तिच्याभोवती गोळा झाली. मी थर्मासचं झाकण उघडून हातात धरलं होतं.

काही झालं नाही. तिनं तो खाल्ला, मग दुसरा. मग ताटली पुढं करून भावंडांना म्हणाली, "घ्या." मी थर्मासचं झाकण लावलं आणि तिथंच जमिनीवर बसले.